पायाळू

रोवणी सुरू झाली की आरमोरीजवळच्या त्या गावात सरिताच्या ओसरीला उसंत नसे. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेल्या बाया कंबर धरून यायच्या आणि पालथ्या पडायच्या. सरिता तुळशीला पाणी घालून, पाय धुऊन, मनात देवाचं नाव घेत उसण भरलेल्या जागी टाच टेकवायची. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळूचा पाय लागला की उसण निघते, हे सगळ्यांना ठाऊक. आणि चप्पल घातली की त्या पायातला गुण जातो, हेही. म्हणून सरितानं जन्मात चप्पल घातली नव्हती. लग्नातसुद्धा नाही. उन्हाळ्यात डांबरावर तळवे भाजायचे, बाभळीचे काटे रुतून मोडायचे. ती हळूच म्हणायची, "देवानं देल्लं हाय, तं सांभाळा लागते."

त्या दिवशी पालथी पडली होती तिची आई, गिरजाबाई. नातीला घेऊन लेकीकडे आली आणि पाण्याची गुंडी उचलताना कंबर धरली. नात पुनम, सरिताची भाची, नागपूरला फिजिओथेरपी शिकत होती.

"आत्या, स्नायूले फक्त ओढता येते, ढकलता येत नाई," पुनम सांगत होती. "म्हणून ते जोडीनं काम करते. हात वाकवला का पुढचा ओढते, मागचा सोडते. सरळ केला का मागचा ओढते, पुढच्याले सोडा लागते."

"आन उसण?"

"एखादा स्नायू घाबरून आखडते. दुखू नये म्हणून धरून बसते, आन धरून बसला म्हणूनच अजून दुखते. टाचेचा दाब बसला, ऊब भेटली, माणसाचा जीव थंड झाला, का सोडते हळूहळू."

"मंग कोणाचीबी टाच चालते म्हण."

"कोणाचीबी. स्नायूले काय मालूम, कोण कसं जन्मलं?"

सरिता हसली. शिकलेली पोर, बोलायचीच. तिच्या टाचेखाली आईची कंबर सैल होत गेली, आणि कंबरेबरोबर जीभही.

"पोरगी खरं बोलून राह्यली," गिरजाबाई डोळे मिटून म्हणाली. "ही तरी कुठची पायाळू? डोक्याकडूनच आली, सगळ्यायसारखी."

सरिताची टाच तिथेच थांबली. "काय म्हणते, माय?"

गिरजाबाई सावकाश उठून बसली. "तिसरी पोरगी झाली म्हणून तुयी आजी तुले हातात घेत नोती. सुईण म्हणे, पायाळू हाय म्हणून सांग. सांगितलं, तं म्हातारीनं मांडीवर घेतलं."

"आन चप्पल?"

"घातली का गुण जाते, हे म्हातारीनंच काढलं."

"म्हातारी तं कवाचीच मेली."

गिरजाबाई पदर सारखा करत राहिली. "सांगीन सांगीन म्हणलं. मंग लोकं तुया पाया पडाले लागले. मले बरं वाटे."

सरिताला दिवा आठवला. तिच्या तळव्यातले काटे आईच काढायची, दिवा जवळ ओढून, सुईनं, फुंकर घालत. तेव्हा एकदाही तिनं हे सांगितलं नव्हतं.

"सरिताबाई हायेत का?" दारात शेजारची कमळा, चिखलाचे पाय, हात कंबरेवर. "सकाळपासून वाकून राह्यली, आता सरळच होता येत नाई."

ती पालथी पडलीसुद्धा. सरितानं पाय उचलायला घेतला, पण मांडी दगडासारखी झाली. जणू पुढचंही ओढत होतं आणि मागचंही, सोडायला कुणी तयार नव्हतं. देवाचं नाव आठवेना. शेवटी तिनं भिंतीला हात टेकला आणि नाव न घेताच टाच ठेवली.

थोड्या वेळानं कमळानं सुस्कारा सोडला. "निघाली, बाई. तुमच्या पायाले देवच हाय."

पाय लागू पडला, हेच सरिताला जास्त लागलं.

कमळा उठली आणि रोजच्यासारखी पाया पडायला वाकली. सरितानं पाय मागे घेतला, ओसरीखाली उतरली आणि आईच्या रबरी चपलेत सरकवला. फाकलेली बोटं पट्ट्यात मावेनात. तिनं ती दाबून बसवली.

"बाई, चप्पल?" कमळा तशीच वाकलेली राहिली.

"आता पुनमले म्हणजो. कोणाचीबी टाच चालते," सरिता नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली.

"सरिता," गिरजाबाईनं हाक मारली.

चप्पल फटफटत होती, पाय अडखळत होता. सरिता तशीच फाटकाबाहेर पडली.