थोरलीची कॅसेट माझ्या तोंडात

मी एक जुना व्हीसीआर आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी माझी ओळख सांगतो. मी काळा, पसरट आणि जड आहे. पुढच्या बाजूला मला एक आडवं तोंड आहे आणि त्यावर झडप आहे. त्या तोंडात कॅसेट सरकवली की मी तिच्यातली तपकिरी पट्टी बाहेर ओढतो, आतल्या फिरत्या डोक्याभोवती गुंडाळतो आणि टीव्हीवर चित्र उमटतं. टीव्हीवर चालू असलेला कार्यक्रम मी पट्टीवर उतरवूनही ठेवतो. ती पट्टी कागदापेक्षा पातळ असते. ज्या तोंडानं मी ती सांभाळतो, त्याच तोंडानं ती चावूही शकतो. ही भीती जन्मापासून माझ्या पोटात आहे.

कारखान्यात माझे भाग जुळवणाऱ्या बाईनं माझ्या चाकांवर रबरी पट्टे चढवले तेव्हा ते नवे आणि लवचिक होते. मला पेटीत घालताना ती शेजारणीला म्हणाली, "हे रबर आहे तोवर हा आहे." तिनं ते सहज म्हटलं. मी मात्र ते कधी विसरलो नाही.

मला घरी आणलं ते हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका नर्सनं. सगळी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणायची, घरचेसुद्धा. त्या काळी दुपारी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. 'दुपारची पाहिली का?' एवढंच विचारायचे. दुपार झाली की रस्ता ओस पडायचा, शिलाई मशीनची घरघर थांबायची, गॅसवरचं दूध उतू जायचं. सिस्टरची नेमकी तेव्हाच ड्यूटी असायची. म्हणून मला आणलं. तिच्या सासूबाई दुपारी चष्मा पुसून माझ्यासमोर बसायच्या, लाल बटण दाबायच्या आणि संध्याकाळी सून आली की दोघी मिळून पुन्हा तोच भाग पाहायच्या.

"आज थोरलीनं काय केलं?" सिस्टर चपला काढता काढता विचारायची.

"मी नाही सांगणार," सासूबाई म्हणायच्या, आणि चहा होईपर्यंत अर्धं सांगून मोकळ्या व्हायच्या.

मालिकेत दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी गरीब गाय. थोरली पक्की कारस्थानी. चाव्या लपवायची, दुधात मीठ घालायची, नवऱ्याचे कान भरायची. ते काम करणारी नटी इतकं हुबेहूब काम करायची की सासूबाई टीव्हीकडे बघून बोटं मोडायच्या. "मेलीचं तोंड बघवत नाही," म्हणायच्या आणि एकही भाग चुकवायच्या नाहीत.

माझं कौतुक व्हायचं. माझ्यावर भरतकाम केलेला रुमाल असायचा. तरी मी भीतच होतो. वरच्या मजल्यावर माझ्याच कंपनीचा एक व्हीसीआर होता. एकदा त्यानं बारशाची कॅसेट चावली. घरच्यांनी ती ओढून काढली तेव्हा तपकिरी पट्टी आतड्यासारखी जमिनीवर लोंबत होती. दुसऱ्या दिवशी भंगारवाला त्याला जिन्यावरून खाली नेताना मी पाहिलं. त्याची वायर पायऱ्यांवर आपटत चालली होती.

मालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा सासूबाईंनी नवी कोरी कॅसेट घातली. काही दिवसांनी सिस्टरच्या मुलाला त्याच कॅसेटवर क्रिकेटची मॅच उतरवायची होती. त्यानं ती माझ्या तोंडात सरकवलीसुद्धा. मी गारठलो. लाल बटण दाबलं की खालचं सगळं पुसलं जातं, आणि मला 'नको' म्हणता येत नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा चमच्याच्या दांड्यानं मोडून टाकला. तो तुकडा नसला की कॅसेटवर दुसरं काही उमटवता येत नाही.

"आता कर काय करायचं ते," त्या नातवाला म्हणाल्या.

पुढे दिवस पालटले. नवी यंत्रं आली. सासूबाई गेल्या, मुलगा परगावी गेला. मी कपाटावर गेलो, माझ्या शेजारी ती कॅसेट. माझं रबर हळूहळू कडक होत होतं. ते मला आतून कळायचं, जसं माणसाला गुडघ्यांचं कळतं. सिस्टर निवृत्त झाली. आता मला कोणी हाक मारणार नाही, असं वाटून मी जरा निर्धास्त झालो होतो.

मग एका सकाळी तिनं मला खाली उतरवलं. 'दुपारची'च्या चाहत्यांनी एक मंडळ काढलं होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते जमायचे आणि जुने भाग, जुने नट आठवत बसायचे. तिथं सिस्टरला कळलं, की ज्या स्टुडिओत मालिका झाली, तिथल्या सगळ्या कॅसेटा पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम उतरवले गेले होते. शेवटचा भाग जगात कोणाकडेच उरला नव्हता. उरला होता तो आमच्या कपाटावर.

मंडळानं बोलावलेल्या एका मेकॅनिकनं माझं झाकण उघडलं, डोकं पुसलं, एक पट्टा बदलला. दुसरा त्याच्याकडे नव्हता. "चालेल," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी खोली भरली. निवृत्त बस कंडक्टर होते, ब्यूटी पार्लरवाली होती, बँकेतले एक कारकून आणि दोघी बहिणी, ज्या एकमेकींचं वाक्य पुरं करायच्या. मेकॅनिकनं माझी वायर टीव्हीला आणि एका नव्या यंत्राला जोडली होती, म्हणजे भाग दिसता दिसता त्याची नक्कल उतरणार होती. सगळे एकदम बोलत होते.

"तो धाकटा दीर बदलला, आठवतं?" कंडक्टर म्हणाले. "शुक्रवारी जिना चढून गेला तो गोरा, सोमवारी उतरला तो सावळा. घरात कोणाला पत्ता नाही."

"आईनं तर त्यालाही तसंच जेवायला वाढलं," मोठी बहीण म्हणाली.

"आणि डॉक्टरचं काम करायचा तो आता..." लहान बहिणीनं सुरुवात केली.

"झुरळांच्या औषधाच्या जाहिरातीत," मोठीनं पुरं केलं.

कारकुनांना एक कोडं पडलं होतं. "शेवटी शेवटी थोरली कपाळावर केस का ओढून घ्यायला लागली? आधी चापूनचोपून बसवायची. माझ्या मते केस करणारी बाई बदलली असणार."

त्यावर बराच वाद झाला. सिस्टर सारखी दाराकडे बघत होती.

दार उघडलं आणि एक म्हातारी बाई आत आली. बारीक, पांढऱ्या केसांची. केस कपाळावर ओढलेले. ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली, उठायला सोपं जाईल अशी, आणि पिशवी छातीशी धरून बसली. क्षणभर कोणी ओळखलं नाही. मग पार्लरवाली ताडकन उठली.

"थोरली," ती म्हणाली. "अहो, तुमचा काय राग यायचा मला." आणि दोन्ही हात पसरून ती मिठी मारायला धावली.

त्या म्हाताऱ्या बाईनं पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. मान खाली, खांदे आवळलेले. पार्लरवाली जागच्या जागी थिजली.

"माफ करा," नटी हात खाली घेत म्हणाली. "कोणी अंगावर धावून आलं की हात आपोआप जातात. धाकटीला घराबाहेर काढलं ना मी, तो भाग लागला आणि दोन दिवसांनी बाजारात एकानं दगड मारला. 'धाकटीला छळतेस काय' म्हणाला." तिनं सिस्टरकडे पाहिलं. "टाके घालताना यांनी माझा हात धरला होता. यांनी बोलावलं म्हणून आले. नाही तर अशा ठिकाणी मी जात नाही."

कारकून आपल्या बुटांकडे बघत होते. सिस्टरनं हे इतकी वर्षं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. रोग्याची गोष्ट रोग्याची, असं ती मानायची.

"मीसुद्धा शिव्या घातल्यात हो तुम्हाला," कंडक्टर हळूच म्हणाले. "घरात बसून."

"घरात बसून घाला की. त्यासाठीच काम करत होते." नटी जराशी हसली. "शेवटचा भाग मी पाहिलेला नाही. तो लागला तेव्हा मी बहिणीच्या गावी निघून गेले होते. तिच्याकडे टीव्ही नव्हता आणि मला नकोच होता. त्यात मी सगळ्यांसमोर सगळं कबूल करते. फार मन लावून केलं होतं ते. ते पाहून लोकांचा राग गेला का, हे कळलंच नाही. आणि धाकटी..." ती थांबली. "पडद्यावर मी तिचा जीव खाल्ला. पण डबा आम्ही एकाच ताटात खायचो. या वर्षी गेली ती. फोटो आहेत माझ्याकडे. आवाज नाही."

सिस्टरनं कॅसेट उचलली. मित्रांनो, ती माझ्याकडे येताना बघून मला वाटलं, आपली वायर कोणीतरी भिंतीतून उपटावी. पण झडप उघडली आणि ती आत आली.

मी पट्टी हलकेच ओढली. नवा पट्टा नीट फिरला, जुना कुरकुरला. पडद्यावर आधी पांढरे कण नाचले, मग चित्र स्थिर झालं. खोलीत कोणीतरी श्वास सोडला. दिवाणखाना, जिना, पितळी चाव्यांचा जुडगा. थोरली बॅग भरून निघाली आणि धाकटी दारात आडवी आली. गोल चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची. तिनं थोरलीचा हात धरला.

"असं जायचं नाही, चिमे," ती म्हणाली.

नटीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. "ऐकलंत? 'जाऊबाई' म्हणायचं होतं. चुकली ती. चिमी माझं घरचं नाव. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

रोज एकमेकांना संवाद ऐकवणाऱ्या त्या खोलीत हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच वेळी माझा जुना पट्टा घसरला. मला आधी कळलं, बाकीच्यांना नंतर. एक चाक मागे पडलं, दुसरं पुढे ओढत राहिलं आणि पट्टीची एक सैल घडी माझ्या आत साचायला लागली. पडद्यावर धाकटीचा चेहरा वाकडा झाला, आवाज जाड झाला. मी थांबायचा प्रयत्न करत होतो. पण मला थांबता येत नाही, मला थांबवावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या त्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

मेकॅनिक धावला. माझ्या झाकणाला कान लावून म्हणाला, "आता बंद केलं तर पट्टी धड सोडवता येईल. पुढे चालवलं तर माझी खात्री नाही. निघेलही, तुटेलही."

"अहो, कबुलीचा प्रसंग आता तर येतोय," कारकून म्हणाले.

सगळे सिस्टरकडे बघायला लागले. कॅसेट तिची होती. सिस्टरनं नटीकडे पाहिलं.

नटी पडद्याकडे बघत होती. तिथं तिची स्वतःची तरणी मूर्ती तोंड उघडून बोलायला लागणार होती. ज्यासाठी ती भीतभीत आली होती ते शब्द मी पट्टीवर धरून होतो, अगदी पुढच्याच वळणावर.

"बंद करा," ती म्हणाली. "माझं राहू दे. तिचा उरलेला आवाज तुटायला नको."

सिस्टरनं बटण दाबलं.

झाकण काढून मेकॅनिकनं बोटांनी, दाताखालचा केस काढावा तशी, ती घडी सोडवली. वीतभर पट्टी चुरगळली होती. तुटली नव्हती. सगळं होईपर्यंत नटी माझ्याजवळ उभी होती. मग पार्लरवालीनं तिला विचारलं, "आता जवळ येऊ का?" आणि ती 'ये' म्हणाल्यावरच हळूच तिला मिठी मारली.

पुढे मंडळानं कुठून तरी एक धडधाकट व्हीसीआर आणला आणि उरलेला भाग उतरवून घेतला. मी तेव्हा त्याच खोलीत, कपाटावर होतो. थोरलीची कबुली मी वरून ऐकली. नटी या खेपेला पुढच्या रांगेत बसली होती. प्रसंग संपल्यावर कंडक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि नटीनं त्यांना विचारलं, "गेला का राग?" त्यांनी होकाराची मान डोलावली.

मला भंगारात दिलेलं नाही. वाचनालयात येणारी मुलं मला बोट लावून बघतात, माझी झडप वर-खाली करतात. झडप उघडली की आजही मला आधी माझं रबर आठवतं. मित्रांनो, पडद्यावरच्या माणसाचा राग पडद्यापुरताच ठेवा. दगडाला नाटक कळत नाही. काही पुसायच्या आधी त्याच्याखाली काय आहे ते बघा. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला एकुलती एक वस्तू द्यायची वेळ आलीच, तर त्याला नुसतं पुसून चकचकीत करू नका. झाकण उघडा, आतलं रबर बोटानं दाबून बघा. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही. ते आमच्या वतीनं तुम्हीच म्हणायचं असतं.