पेटीतलं धरायचं का?

मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. तीनचाकी म्हटल्यावर तुम्हाला लहान मुलांचं खेळणं आठवेल, म्हणून आधीच सांगते मित्रांनो, मी तसली नव्हे. माझ्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये लाकडाची मोठी पेटी आहे. पेटीत बसायला बाक आणि बाकाखाली झाकणाचा कप्पा. कोपनहेगनच्या आमच्या गल्लीत माझ्यासारख्या पंधरा-वीस जणी सहज सापडतील. पोरं, बटाटे, कुत्री, नाताळचं झाड, जे म्हणाल ते आम्ही वाहतो.

माझा जन्म बंदराजवळच्या एका कारखान्यात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझा सांगाडा जोडला, त्याने शेवटी माझ्या दांड्यावर थाप मारली आणि म्हणाला, "शंभर किलो टाका, ही हूं की चूं करणार नाही." ते मी फार मनावर घेतलं. हूं की चूं न करण्यालाच मी माझा मोठेपणा समजत राहिले. त्याचं पुढे मला वाईट वाटलं.

येप्पेने मला घेतलं तेव्हा त्याची लेक टिल्डे आठ महिन्यांची होती. येप्पे लायब्ररीत काम करतो. त्याची बायको सिग्ने शहराची बस चालवते आणि पहाटे साडेचारला घर सोडते, त्यामुळे पोरीला पोचवणं-आणणं सगळं येप्पेकडे. घरात मोटार नाही याचा त्याला एवढा अभिमान, की नवा माणूस भेटला की पाच मिनिटांच्या आत त्याला ते कळायचंच. ऊन असो, बर्फ असो, समुद्रावरचा वारा तोंडावर येत असो, तो पायडल मारायचा आणि टिल्डे पेटीत बसून गाणी म्हणायची. रस्त्यावरचे लोक वळून हसायचे. ते दिवस फार सुखाचे होते.

पण बालवाडीतून परत येताना पोरगी रडायची. दमलेली, भुकेली. एक दिवस येप्पेने कोपऱ्यावरच्या बेकरीतून मनुक्यांचा गोड पाव आणून तिच्या हातात दिला आणि ती गप्प झाली. मग पाव रोजचा झाला. पावाच्या मागोमाग चॉकलेटचं दूध आलं आणि बाकाखालच्या कप्प्यात बिस्किटांचा डबा कायमचा मुक्कामाला आला. मी येप्पेला दोष देत नाही. दिवसभराच्या धावपळीत त्या दोघांना एकमेकांची म्हणून तेवढीच वीस मिनिटं मिळायची, आणि ती रडण्यात जाऊ नयेत असं त्याला वाटायचं.

गंमत अशी, की घरात गोड खाण्याचा नियम कडक होता. गोळ्या-चॉकलेटं फक्त शुक्रवारी, आमच्याकडे बहुतेक घरांत असतो तसा. शुक्रवारी संध्याकाळी कागदी पिशवीत मोजून मूठभर. शनिवारी टिल्डेने मागितलं तर सिग्ने पाघळायची नाही. कप्प्यातला डबा मात्र घराबाहेर अंगणात उभा असायचा, माझ्या पोटात, आणि सिग्नेला त्याचा पत्ताच नव्हता.

टिल्डे सहा वर्षांची झाली. तिच्या वयाची पोरं स्वतःच्या सायकलींवर टिंग टिंग करत आमच्या पुढून जायची. तिला सायकल शिकवायचं येप्पेच्या मनात दर वसंतात यायचं आणि दर वसंतात राहून जायचं, कारण पोरीच्या वेगाने गेलं तर कामावर उशीर. तिचं वजन वाढत होतं. मित्रांनो, ते सगळ्यांत आधी मला कळलं. बाक वाकू लागला, चाकांतली हवा आठवड्यात उतरू लागली. येप्पे म्हणाला, "टायरच भिकार आहेत," आणि त्याने नवे टायर बसवले.

सिग्नेलाही कळत होतं. ऑगस्टमध्ये तिने टिल्डेला नवा रेनकोट आणला, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा. घालायच्या आधी तिने माझ्याशेजारी उभं राहून छोट्या कात्रीने त्याच्या आतलं मापाचं लेबल कापलं आणि खिशात घातलं.

शाळेच्या फाटकाशी एकदा एका पोराने विचारलं, "टिल्डे, तुला पाय नाहीत का गं?" टिल्डे सगळ्यांबरोबर हसली. मग तिने पेटीवरचं पावसाचं कापड ओढून घेतलं आणि घर येईपर्यंत गाणं म्हटलं नाही. येप्पेला पाठीमागून ते दिसलं नाही. माझ्या पेटीत ती मुसमुसत होती आणि मी आपली हूं की चूं न करता चालत होते.

ऑक्टोबरात शाळेच्या नर्सबाईंनी पहिलीच्या मुलांची उंची-वजनं घेतली आणि टिल्डेच्या आई-बाबांना बोलावलं. बोडिल त्यांचं नाव. बोलणं संपेना, म्हणून त्या दोघांबरोबर फाटकापर्यंत आल्या. टिल्डे सवयीने आधीच माझ्या पेटीत चढून बसली होती.

"माप चुकलं असेल," येप्पे म्हणत होता. "आमच्याकडे मोटार नाही. मी रोज दहा किलोमीटर सायकल मारतो."

बोडिलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मारता," त्या म्हणाल्या.

"आणि गोड फक्त शुक्रवारी. विचारा तिलाच."

"हो का गं, टिल्डे?"

टिल्डे विचारात पडली. पोर खोटं न बोलणारी. "पेटीतलं धरायचं का?" तिने विचारलं.

सिग्नेने वळून येप्पेकडे पाहिलं. मग बोडिलबाई म्हणाल्या, "टिल्डे, तो झोपाळा ओला आहे का, जरा बघून येतेस?" टिल्डे उतरली आणि चक्क पळत गेली. सिग्नेने बाकाचं झाकण उचललं. आत डबा, दुधाची तीन रिकामी खोकी आणि अर्धा पाव.

"येप्पे, हे रे काय?"

"वाटेपुरतं गं. रडायची ती."

"रोज?"

येप्पेने मान डोलावली. मला वाटलं, आता भडका उडणार. पण सिग्नेने खिशात हात घातला. कापलेलं लेबल अजून तिथेच होतं. ते तिने त्याच्या तळहातावर ठेवलं. "तू डबा लपवलास, मी हे लपवलं," ती म्हणाली. "आपण दोघं सारखेच."

"पोरीचं काही चुकलेलं नाही," बोडिलबाई म्हणाल्या. "तिला उपाशी ठेवू नका, तिच्या वजनावरून घरात बोलू नका. तिची उंची वाढतेय, वजनाला थोडं थांबू द्या. तिला चालू द्या, खेळू द्या. आणि जो नियम कराल तो तिघांनी पाळा, बाहेरसुद्धा."

दुसऱ्या दिवसापासून कप्प्यात सफरचंदं, गाजरं आणि पाण्याची बाटली आली. टिल्डेने पहिलं गाजर रस्त्यावर भिरकावलं, हेही सांगायला हवं. आधी ती फक्त बेकरीपर्यंत चालायची, मग कालव्यापर्यंत. येप्पेने लायब्ररीत सांगून अर्धा तास उशिरा यायची सोय करून घेतली. वसंतात एक जुनी लाल सायकल आली. पुलाच्या चढावर टिल्डे रडली, "मला पेटीत बसायचंय." येप्पेचा हात बाकाकडे गेला. तो तसाच थांबला. मग तो खाली उतरला आणि मला ढकलत तिच्या बरोबरीने पूल चढला. तिथे त्यांना दहा मिनिटं लागली आणि येप्पेला कामावर उशीर झाला.

नाताळात आजीकडे सगळे नियम मोडले, जानेवारीत परत जोडले. सिग्ने सुट्टीच्या दिवशी टिल्डेबरोबर पोहायला जाऊ लागली. दोन वर्षांत बोडिलबाईंच्या तक्त्यावरची टिल्डेच्या वजनाची रेघ तिच्या वयाला शोभेल तिथे आली. मी मात्र अंगणात रिकामी उभी राहू लागले. माझ्या बाकावर कोळ्यांनी जाळी केली. खोटं कशाला बोलू, मला ते लागायचं. आता मला विकतील असंही वाटायचं. पण टिंग टिंग करत ती लाल सायकल फाटकातून आत आली की माझी तक्रार विरून जायची.

गेल्या महिन्यात टिल्डे नऊ वर्षांची झाली. तिने माझी जाळी झाडली, पेटीवर वाढदिवसाचे छोटे झेंडे लावले आणि बाबाला म्हणाली, "आज तू बस. मी चालवते."

"मी जड आहे गं."

"मी पण होते," टिल्डे म्हणाली. "तू कधी म्हणाला नाहीस."

 येप्पे गुमान पेटीत बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

मित्रांनो, घरी गेलात की आई-बाबांना माझा एक निरोप द्या. पोराला उचलून न्यायला प्रेम लागतं, आणि वेळेवर खाली उतरवायलाही तेवढंच लागतं. ते पोराचं काम नाही, त्यांचं आहे. आणि जे दिसतंय त्याचं लेबल कापू नका.

टिल्डेने पायडलवर सगळा जोर दिला. मी हलले. म्हाताऱ्या कारागिराची मनात माफी मागितली आणि गल्लीच्या टोकापर्यंत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, कुरकुरत गेले.