अंधारात पास झालेले मामा

पैज लावा, ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकून तुमच्यातला एकही माणूस मान डोलावणार नाही. आजवर कुणी डोलावलेली नाही. त्या भिंतीला टेकून स्वेटर विणत बसलेल्या काकूंच्या भुवया तर पहिल्याच वाक्याला कपाळावर चढल्या. चढू द्या. खोट्याला दहा साक्षीदार मिळतात, खरं बिचारं एकटंच उभं राहतं, त्याला कोण काय करणार!

तर एका गावात डोळे तपासणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. हुशार, हाताला गुण, स्वभावाने साखर. खोड एकच. त्यांचे वडील हेडमास्तर. जेवताना मीठ मागितलं तरी "पूर्ण वाक्यात माग" असं ऐकत बाई वाढल्या. त्यामुळे पेशंटला खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, की बाईंच्या तोंडून आपोआप निघायचं, "हं, वाचा. मोठ्याने. शाब्बास! आता खालची ओळ. घाई नाही, नीट विचार करून सांगा."

आता दिसायला विचार कशाला लागतो? पण लोकांनी शब्द उचलला. विचार करायचा, मोठ्याने सांगायचं, बरोबर आलं की शाब्बास. म्हणजे परीक्षाच की! आणि परीक्षेत नापास व्हायला कुणाला आवडतं?

झालं. गावाने तक्ता पाठ केला. शिंपीणबाई मशीनवर बसून ओळीच्या ओळी चालीत म्हणायच्या आणि त्या नादात शर्टाची बाही पॅन्टला जोडायच्या. एका रिटायर मास्तरांनी शिकवणी काढली. सोयरीक जुळवताना मुलाकडचे विचारू लागले, "मुलगी शेवटच्या ओळीपर्यंत जाते ना?" सगळं गाव पास. चष्मा औषधालासुद्धा नाही. आणि रस्त्यावरच्या एकाही विजेच्या खांबावर रंग उरलेला नाही. लोक खांबाला धडकायचे, "माफ करा हं साहेब" म्हणायचे आणि पुढच्या खांबाकडे जायचे.

बाईंना मात्र ह्याचा पत्ता नाही. दिवसभर खुर्ची, तक्ता, शाब्बास. दवाखाना होता बेकरीच्या माडीवर. भट्टी पेटली की पावाच्या वासाने पेशंटचं चित्त उडायचं, म्हणून महत्त्वाचे पेशंट बाई रविवारीच बोलवायच्या. रविवारी बेकरी बंद, भट्टी गार, जिना मोकळा.

अशाच एका रविवारी बाईंचे सख्खे मामा आले. गावात बस एकच, आणि ती चालवायचे हे मामा. दरवर्षी डोळे चांगले असल्याची बाईंची सही मिळाली, तरच बस रस्त्यावर. त्याच बसमधून बाईंची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, रोज बाजाराला जायची.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तयार आहात ना?"

मामांनी ओळखलं. जिला खांद्यावर बसवून गावभर मिरवलं, ती पोरगी पांढरा कोट घालून आपल्याला 'तुम्ही' म्हणते, म्हणजे मामला साधा नाही. ते ताठ बसले. घसा खाकरला. आणि सुटले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बाई म्हणतायत, शाब्बास, शाब्बास. पडदे ओढलेले, तक्त्यावर तेवढा दिवा. चौथ्या ओळीला तो दिवा फट्‌दिशी गेला. खोलीत मिट्ट काळोख. मामांचं चालूच, "श, ब, ल, र. छपाई: नवी पेठ, पोस्टाशेजारी. नक्कल करण्यास सक्त मनाई आहे."

"शाब्बास!" काळोखातून बाईंचा आवाज आला. सवय, दुसरं काय. मग जीभ चावल्याचा आवाज आला.

"मामा, दिवा गेलाय."

"कधी?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, हा पुढचा पेपर."

बाईंनी पडदा सारला. "तुम्ही पाठ केलंत!"

"केलं. तुझी मामी रोज पोळ्या लाटताना म्हणून घ्यायची."

"अहो, ही काय परीक्षा आहे का? इथे कुणी नापास होत नाही!"

"मग बरोबर आलं की शाब्बास कशाला म्हणतेस?"

बाई भिंतीवर टांगलेली एवढी मोठी डिग्री सरळ करू लागल्या.

"कर सही," मामा म्हणाले. "गाडी उभी आहे."

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. सही केली, तर आई त्या बसमध्ये बसणार. नाही केली, तर मामा घरात बसणार, तोंड फिरवून, जन्माचे नापास. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. शेवटी त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, तक्ता भिंतीकडे उलटा केला आणि मामांना खिडकीतल्या बाकावर शेजारी घेऊन बसल्या.

"मामा, तक्ता गेला खड्ड्यात. ह्या खिडकीतून तुला काय काय दिसत नाही, ते सांग."

मामांनी संशयाने विचारलं, "ह्याला मार्क आहेत?"

"नाहीत."

"चुकलं तर?"

"चुकेल कसं? न दिसणं तुझं. त्यातला जाणकार तूच, मला काय कळतंय?"

मामा खिडकीकडे सरकले. मग हळूहळू धार लागली. "समोर घड्याळ आहे. काटे नाहीत. माणसं चाललीत, पण तोंडाशिवाय. बसमध्ये मी सगळ्यांनाच 'या, या' म्हणतो, न जाणो, व्याही निघायचा."

"आणि मी?"

"तू आवाजावरून कळतेस. कोट घातलास की तेवढीही कळत नाहीस."

बाईंनी नाक पुसलं. "मग बस कशी चालवतोस रे?"

"वासावर," मामा म्हणाले, जशी काही जगरहाटीच. फिनेलचा वास आला की हॉस्पिटलचा थांबा. साबणाचा आला की डावीकडे. ताज्या पावाचा आला की हाच खालचा चौक, उजवीकडे वळायचं. "आजवर कोंबडीसुद्धा चिरडली नाही. कोंबडीचा वास लांबून येतो."

आठवडाभर बस उभी राहिली, गाव पायी फिरलं. पण बाई आता मार्क देत नाहीत ही बातमी बसपेक्षा जोरात पळाली. जिन्यात रांग लागली, आणि रांगेतही चढाओढ!

"मला समोरचं दुकान दिसत नाही."

"एवढंच? मला समोर उभी असलेली बायको दिसत नाही."

"तो डोळ्यांचा आजार नव्हे," बाईंनी आतून सांगितलं.

पुढच्या रविवारी मामांचा चष्मा आला. काचा अशा जाड, की पेपरवेट म्हणून खपल्या असत्या. बस गच्च भरली. पहिल्या सीटवर बाई आणि त्यांची आई. मामांनी चष्मा चढवला आणि मागे वळून पाहिलं.

"ताई! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू आधी आरसा बघ, मग माझ्याशी बोल."

बस निघाली. मामा हरखले. झाडाला पानं सुटी सुटी असतात! पाट्यांवर अक्षरं असतात, आणि ती दर पाटीला वेगळी! असे बघत बघत चौकापाशी आले आणि ब्रेक दाबला.

"हा चौक कुठला?"

अख्खी बस ओरडली. अर्धी "डावीकडे", अर्धी "उजवीकडे". बाईंच्या ओठांवर आलंच होतं, "नीट विचार करून सांगा." त्यांनी ते गिळलं.

"मामा, कुठे अडलं?"

"पोरी, ह्या चौकाला मी नाकाने ओळखतो गं. चेहऱ्याने पहिल्यांदाच भेटतोय."

"मग तुझ्या रीतीने बघ. आम्ही थांबतो."

मामांनी चष्मा काढला, डोळे मिटले, खिडकीतून मान बाहेर काढून लांब श्वास घेतला. आणि आला! ताज्या पावाचा खमंग वास, भट्टीतून नुकताच निघालेला. मामांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. चष्मा चढवला, चाक उजवीकडे फिरवलं आणि बस झोकात...

भिंतीजवळच्या सुया थांबल्या.

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. "हा रविवार ना?"

"हो, रविवारच."

"मग पाव काय मामांनी भाजला? रविवारी भट्टी गार असते, असं तुम्हीच नाही का म्हणालात!"