पाळीकडची खिडकी

आमच्या अब्बांना जगातल्या सगळ्या अडचणींवर एकच उपाय ठाऊक होता : खिडकी मोठी करणे. चंद्रपुरात त्यांचं दारं-खिडक्यांचं दुकान होतं. घरात उकडतंय? खिडकी मोठी करा. सुनेचं सासूशी पटत नाही? तिच्या खोलीला वेगळी खिडकी द्या. लोक हसायचे, पण नवाब मिस्त्रीची चौकट म्हटली की डोळे झाकून घ्यायचे. मी त्यांची थोरली, निशात. आमची घरातली बोली हिंदी, शाळा मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. हे सगळं सांगताना मला आजही राग येतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अम्मीला लकवा मारला आणि तिचं उजवं अंग गेलं. जीभ मात्र पहिल्यासारखीच चालायची. डॉक्टर म्हणाले, या धुळीतून काढा, मोकळ्या हवेत ठेवा, आणि धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका. अम्मी मूळची सिरोंचाची. तिच्या माहेरच्या ओट्यावरून प्राणहिता दिसायची. ती म्हणाली, "कुठंही न्या. खाटेवरून पाणी दिसलं पाहिजे, बस."

दोन हजार दोनच्या जानेवारीत अब्बांनी गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात घर पाहिलं. कौलारू, ऐसपैस, गोठ्यासकट, सभोवती चार एकर जमीन आणि आंब्याची झाडं. मालक मुलाकडे नागपूरला राहायला गेला होता, किल्ली शेजारच्या लटारूभाऊंकडे होती. घराच्या मागे मातीची एक लांबच लांब रांग होती, दोन पुरुष उंच, वर झुडपं उगवलेली. अब्बा आणि मी तिच्यावर चढलो तर पलीकडे तलाव. अर्धा भरलेला, काठाला कमळाची पानं, बगळे. अब्बांनी डोळे भरून पाहिलं. मग खाली येऊन जीपमध्ये बसलेल्या अम्मीला म्हणाले, "घराला लागूनच आहे." खोटं नव्हतं ते. आम्ही घर घेतलं.

मार्चात राहायला गेलो. अब्बांनी मागची भिंत फोडली आणि अम्मीच्या खाटेच्या उंचीला सागाची अशी देखणी खिडकी बसवली की गावातली माणसं पाहून जात. ज्या दिवशी तिची दारं उघडली त्या दिवशी अम्मीने बाहेर पाहिलं. समोर माती. मातीवर एक बकरी.

"तलाव कुठाय?" अम्मी म्हणाली.

"मागे."

"किसके पीछे?"

अब्बांनी बकरीकडे बोट दाखवलं. अम्मी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जेवण कमी केलं. आठवडाभरात तिचा चेहरा उतरला. अब्बा दिवसातून दहादा खिडकीशी जाऊन त्या मातीकडे दात-ओठ खाऊन पाहायचे.

"तलाव खोदला तेव्हाची माती आहे ही," ते एकदा म्हणाले. "काढली आणि इथंच टाकून दिली. कोणी उचललीच नाही."

मला ते पटलं. पटलं याचंच आज नवल वाटतं. आम्ही शहरातली माणसं. आमच्याकडे खोदलेली माती वर्षानुवर्षं तशीच पडून असते, त्यावर पोरं खेळतात. गावात कोणाला विचारावं हे दोघांच्याही मनात आलं नाही. कचरा उचलायला कोण कोणाची परवानगी मागतो?

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम लागला. अख्खं गाव, बाया-माणसं-पोरं, उजाडायच्या आत जंगलात पानं तोडायला जायचं, ते ऊन डोक्यावर आल्यावर परतायचं. अशाच एका सकाळी अब्बांनी सडकेच्या कामावरचा जेसीबी बोलावला. चालवणारा परमुलखातला, त्याला काय. गाव रिकामं होतं. अडवायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्या यंत्राने मातीत चौकोनी खाच पाडली, अगदी बुडापर्यंत. अब्बा शेजारी उभे राहून हाताने माप दाखवत होते. धूळ खाली बसली तेव्हा मी अम्मीला उशी लावून बसवलं. उन्हाळ्याने तलाव मध्यभागी आकसून गेला होता, पण होता. दूरवर पाण्याची पट्टी चमकत होती आणि तिच्यात एक बगळा उभा होता.

"दिसलं," अम्मी म्हणाली आणि रडायला लागली. अब्बाही रडले. मीही. मी चहा ठेवला. त्या दिवसाइतका आनंद आमच्या घरात त्याआधी कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

जेसीबी गेला आणि थोड्या वेळाने जंगलाकडून बायका आल्या. डोक्यावर पानांची ओझी. पहिली लटारूभाऊंची बायको, इंदुताई. खाच दिसली तशी ती जागच्या जागी थांबली. मागच्या बाया तिच्यावर आदळल्या आणि त्याही थांबल्या. कोणी ओझं उतरवलं नाही. मागून माणसं येत गेली, तीही तशीच उभी राहिली. अब्बांना वाटलं, लोक पाहायला आलेत. ते हसतमुखाने पुढे गेले, "या, शरबत घ्या" म्हणाले.

"नवाबभाऊ," लटारूभाऊ म्हणाले. "हे काय केलं तुमी?"

"खिडकी केली. बायकोला तलाव दिसत नव्हता."

"पाळ फोडली यानं," इंदुताई म्हणाली, आमच्याशी नाही, स्वतःशीच. "तलावाची पाळ फोडली. पानी अडवनारी."

अब्बा हसायचे थांबले, पण त्यांना काही कळलं नव्हतं. मलाही नाही. लटारूभाऊंनी त्यांचा हात धरला, मारायला धरावा तसा, आणि मग सैल केला. "चाला. दाखोतो तुमाले."

खाचेतून ते आम्हा दोघांना पलीकडे, कोरड्या तलावात घेऊन गेले. तिथे एक अर्जुनाचं झाड होतं. खालपासून वरपर्यंत त्याच्या खोडाला गाळाचा राखाडी लेप चढला होता. पार वर, आमच्या डोक्याच्याही कितीतरी वर, तो लेप एका रेघेत संपत होता, आणि तिथल्या फांदीच्या बेचक्यात वाळलेलं शेवाळ लोंबत होतं.

"मागच्या भादव्यात तेथवर होतं पानी," लटारूभाऊ म्हणाले. "दरसाल असते."

अब्बांनी त्या शेवाळाकडे पाहिलं. मग वळून खाचेतून घराकडे पाहिलं. आयुष्यभर पाणसळीने पातळी पाहून चौकटी बसवलेला माणूस. त्यांची नजर शेवाळापासून सरळ रेघेत निघाली आणि मी त्यांच्या नजरेमागे गेले. ती रेघ आमच्या नव्या खिडकीच्या वरून जात होती. चौकटीच्या वरून. थेट कौलांवर जाऊन टेकत होती. आणि तिच्या खाली, खिडकीत, अम्मी डावा हात हलवून आम्हाला बोलावत होती. खूप दिवसांनी हसत होती.

मेच्या उन्हात माझे दात वाजत होते, खोटं नाही सांगत. आम्ही माझ्या आईला पाण्याच्या तोंडात नेऊन ठेवलं होतं आणि तोंडाचं झाकणही आम्हीच काढलं होतं.

परतलो तर अंगणात गलका सुरू होता. एक पोरगा पोलिसात जायचं म्हणत होता. दुसरा म्हणत होता, तलाव भरला नाही तर धान कशावर पिकवायचं. त्याचं काय चुकलं? लटारूभाऊंनी एवढंच म्हटलं, "मिरगाच्या आधी भरली पायजे. भांडन मंग करू."

माती नुसती ढकलून चालत नव्हती. तलावातून खणून आणायची, पातळ थर द्यायचा, पाणी शिंपडायचं, वरून बैल फिरवायचे, मग पुढचा थर. सकाळी गाव पानं तोडायला जायचं आणि उन्हं कलली की आमच्या मागे टोपल्या घेऊन यायचं. अब्बा सगळ्यांच्या आधी हजर असायचे. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

आणि अम्मी खिडकीतून पाहत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. अब्बा म्हणाले, तू सांग. मी म्हटलं, खिडकी तुमची, तुम्ही सांगा. मग डॉक्टरांचं बोलणं आठवायचं आणि सांगणं राहून जायचं. तिचं पाणी रोज थोडं थोडं कमी होत गेलं. आधी काठ गेला, मग बगळा गेला.

"मेरा पानी काय को बंद करते रे?" ती खाटेवरून ओरडायची. "जलनखोर! हात टूट जाएँ तुम्हारे!"

इंदुताई खिडकीच्या सगळ्यात जवळून ये-जा करायची. तिला प्रत्येक शब्द ऐकू जायचा. ती टोपली ओतायची आणि दुसरी आणायला जायची. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. शेवटचा थर पडला त्या दिवशी अम्मीने खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि अब्बांशी अबोला धरला.

मृग आला, आषाढ गेला, श्रावण गेला. पाळीने दम धरला. भादव्यात एका सकाळी पाऊस उघडला तसे लटारूभाऊ तिघांना घेऊन दारात आले. त्या मेपासून ते आमच्या ओट्यावर चढले नव्हते.

"बाईले पानी पाहाचं होतं ना?" ते म्हणाले. "चाला."

चौघांनी खाट खांद्यावर घेतली. ते दिसायला कसं दिसत होतं ते सगळ्यांनाच कळत होतं, पण बोलणार कोण? अम्मीच वरून म्हणाली, "अभी जिंदा हूँ. धीरे चलो." हसावं की नाही ते कोणाला कळेना. इंदुताई हसली, म्हणून मग सगळे हसले.

पाळीवर खाट ठेवली. तलाव काठोकाठ भरला होता. पाणी खाटेच्या पायापासून हातभर खाली डुचमळत होतं, पार पलीकडच्या जंगलापर्यंत नुसतं पाणी. अम्मी पाहत राहिली. तिचा चेहरा इतका निवळला की मी अब्बांचा हात धरला.

मग तिने मान दुसरीकडे वळवली.

"वो नीचे किसका घर है?" ती म्हणाली.

खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, ओली कौलं दिसत होती. त्यांच्या पोटात सागाची बंद खिडकी.

"अपना ही है," अब्बा म्हणाले.

अम्मीने पाण्याकडे पाहिलं. घराकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे. मग तिची नजर खाटेखालच्या मातीवर आली. दोन्ही बाजूंना जुनी झुडपं होती. एवढ्याच पट्ट्यात नुसतं कोवळं गवत. तिच्या ओठांचा रंग गेला. धक्का बसू नये म्हणून आम्ही इतके महिने जपलेलं सगळं तिच्यासमोर उघडं पडलं होतं.

मग तिने इंदुताईकडे पाहिलं. "मैं गाली देती थी. तू सुनती थी?"

"आयकत होतो ना, बाई."

"तरी टोपल्या टाकत होतीस?"

"आमचं तं एका सालचं धान गेलं असतं," इंदुताई म्हणाली. "तुमी तं खाटेवरून उठूबी शकत नाई."

अम्मीने डावा हात पुढे केला आणि इंदुताईचा हात धरला. खाट खाली उतरेपर्यंत तिने तो सोडला नाही.

त्या दिवसापासून खिडकी उघडी असते. दिसतं काय? पाळ. पाण्यासाठी हट्ट धरलेली माझी अम्मी दिवसभर पाळीकडे बघत पडून असते. पाऊस झाला की सकाळी तिची हाक जाते, "इंदू, त्या नव्या मातीतून पानी झिरपून राह्यलं का गं?" आणि इंदुताई हातातलं काम टाकून वर चढते, वाकून पाहते आणि खाली येऊन सांगते, "कोरडी हाय, बाई." कालच पाहिलं होतं, असं ती एकदाही म्हणालेली नाही.