पट्टीला गाठ मारायची नाही

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. माझ्यात शेवटचा दोरा ओवला गेला तो दिवस अगदी साधा होता. दुपारी आईने माझ्यावरचे झाकण काढले, मला फडक्याने पुसले आणि तेलाचे दोन थेंब दिले. उशीचा अभ्रा उसवला होता, तो शिवायचा होता. सुईचे नेढे दिसेना म्हणून तिने लेकीला हाक मारली.

"ओव गं जरा. हल्ली नेढीच बारीक करायला लागलेत मेले."

"नेढी तेवढीच आहेत, आई. तुझा चष्मा ओट्यावर आहे."

"राहू दे तिथेच. तू आहेस ना."

लेक आता पन्नाशीची आहे. तिनेही दोरा दोनदा चुकवला आणि मग ओवला. आईने माझा दांडा फिरवायला सुरुवात केली आणि मान वर न करता म्हणाली, "इस्त्रीमावशीला एकदा बोलाव. मी बोलावलं तरी ती येईल. पण तू बोलावलेलं बरं."

लेकीने अभ्र्याची कड सरळ केली. "बघू. पुढच्या आठवड्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. अभ्रा माझ्या सुईखाली अर्धाच राहिला.

मी बिडाचे आहे. अंगावर काळा रंग आणि सोनेरी वेल होती. वेल आता हाताच्या घर्षणाने गेली आहे. माझ्यात बॉबिन नाही. मी एकाच दोऱ्यावर चालते आणि माझा टाका साखळीचा असतो, एका कडीत दुसरी कडी. शिवण संपल्यावर दोऱ्याला गाठ मारली तर ती वर्षानुवर्षे टिकते. गाठ नाही मारली आणि टोक ओढले, तर सगळी शिवण सरसर निघून येते. या खोडीपायी माझ्या पहिल्या मालकिणीने मला टाकून दिले होते. आईने मला घरी आणले तेव्हा बाबा म्हणाले, "ही उसवणी कुठून उचलून आणलीस?" तेच माझे नाव पडले.

पुढे दोन दोऱ्यांचे नवे मशीन आले आणि मी खाटेखाली गेले. आई गल्लीतल्यांचे कपडे शिवत असे. वर नव्या झग्यांची मापे घेतली जात, खाली मी चिंध्यांच्या गाठोड्याशेजारी पडून असे. मला त्याचे वाईट वाटले नाही. घरात हसणे होते.

मग बाटल्यांचा कारखाना बंद पडला. बाबा तिथे भट्टीवर होते. दूर कुठेतरी भाव कोसळले होते, बाटल्यांना गिऱ्हाईक नव्हते, एवढेच सांगण्यात आले. पहिले काही दिवस बाबा नेहमीच्या वेळी उठून दाढी करत. नंतर ते उशिरा उठू लागले, आणि मग घड्याळाला किल्ली देणेच त्यांनी सोडले. नवे कपडे कोणी शिवेना. लोक शर्टाची झिजलेली कॉलर उलटी लावून घेत. मधोमध विरलेली चादर फाडून तिच्या कडा मध्ये आणून जोडत. न्हाव्याच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या; बायकाच घरी नवऱ्यांचे केस कापू लागल्या आणि गल्लीतले सगळे पुरुष एकसारखे विद्रूप दिसू लागले. त्यावर लोक हसले, पण थोडे दिवस. नंतर एकमेकांकडे जाणेच थांबले. कोणी आले तर पुढे काय ठेवायचे?

नवे मशीन विकले गेले. मला खाटेखालून बाहेर काढले.

त्याच सुमारास मदत समिती निघाली. कारखान्याला कुलूप लावणाऱ्यांच्याच घरच्या बायका तिच्यात होत्या. बेकारांच्या बायकामुलांना कपडे द्यायचे ठरले आणि शिवायचे काम आईला मिळाले. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर लाल पट्टीचे एक रीळ आले. प्रत्येक कपड्याच्या डाव्या बाहीवर ही पट्टी शिवायची, म्हणजे फुकट मिळालेला कपडा कोणी विकणार नाही. समितीच्या प्रमुख बाईंनी हे अगदी गोड आवाजात सांगितले.

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, तरी तो आवाज आठवला की मला आजही संताप येतो. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलीला झगा द्यायचा आणि तिच्या दंडावर लिहून ठेवायचे की हिला झगा आम्ही दिला! ज्यांनी काम काढून घेतले त्यांच्या बाहीवर कोणी पट्टी शिवली नाही.

आईने पट्टी शिवली. बाकी सगळ्या शिवणींना तिने गाठ मारली. पट्टीला मारली नाही. टोक आत दुमडून ठेवले. वाटपाच्या दिवशी ती मापे बघायला समितीच्या हॉलवर बसे आणि प्रत्येक बाईला गंभीर चेहऱ्याने बजावी, "हे बघ, बाहीच्या आतलं हे टोक. हे ओढायचं नाही हं. ओढलं तर पट्टी निघून येईल. घरी गेल्यावर तर मुळीच ओढू नकोस."

बायका तितक्याच गंभीरपणे मान डोलावत. दर शनिवारी समिती पट्ट्या तपासायची; तिच्यापुढे जाताना पट्टीला दोन टाके घालत, घरी आल्यावर काढत. माझ्या ज्या खोडीला सगळे हसले, ती त्या वर्षी गल्लीच्या उपयोगी पडली. मला इतके मोलाचे काम आधी कधी मिळाले नव्हते आणि नंतरही नाही.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. एका दुपारी ती शाळेतून धावत आली आणि माझ्या थंड अंगाला गाल लावून बसली. घरात दुसरे कोणी नव्हते. तिने जे सांगितले ते फक्त मला.

वर्गातली एक मुलगी नुकताच मिळालेला झगा घाईत पट्टी न काढताच घालून आली होती. खेळताना कोणी तिचा हात धरेना. "पट्टीवाली नको," असे सगळ्या म्हणू लागल्या. लेक भडकली. "माझी आई असली पट्टी चुटकीसरशी काढते. बघायचंय?" असे म्हणून तिने टोक धरून ओढले. पट्टी सरकन हातात आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत समितीच्या बाईंची भाची होती.

तीनच दिवसांनी बाई आमच्या दारात उभ्या होत्या.

"ही पट्टी सुटते कशी हो?"

"टोक ओढलं की," आई म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि यांनी कपडे विकून खाल्ले म्हणजे?"

"भूक लागली की माणूस खातोच, बाईसाहेब. तुमच्याकडे नाही खात?"

गठ्ठे त्याच दिवशी उचलून नेले. आई दुसऱ्यांच्या घरच्या फरशा पुसू लागली. पट्ट्या आता दुसरीकडे शिवल्या जाऊ लागल्या, पक्क्या.

गल्लीला मात्र कोणावर तरी राग काढायचा होता. तो समितीवर निघायला हवा होता. तो निघाला इस्त्रीमावशीवर. ती समोरच्या खोलीत राहायची, गल्लीचे कपडे इस्त्री करायची आणि बाईंच्या घरचेही. तिनेच चुगली केली, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. ती शपथा घेऊन थकली. तिला कोणी कपडे देईना, पाण्याच्या नळावर कोणी बोलेना.

आई म्हणाली, "ती नव्हे."

"मग कोण?" बायकांनी विचारले.

आईने दाराकडे पाहिले आणि ती गप्प बसली. लेक दाराआड उभी होती, तीही गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे, मित्रांनो, जरी ती दोन्ही माझीच माणसे. वाईट काळ नुसते ताटातले नेत नाही. शेजाऱ्यावरचा विश्वासही नेतो, आणि कारखाना पुन्हा सुरू झाला तरी तो परत आणून देत नाही. मावशी आपली कोळशाची इस्त्री उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली.

जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मला तेल मिळाले नाही तरी चालेल. पण कोणाला कपडा द्याल तेव्हा नुसता कपडा द्या. त्याच्या बाहीवर आपले नाव शोधू नका.

आई गेल्याला चार दिवस झाले तेव्हा मावशी काठी टेकत आली. तिला कोणी बोलावले नव्हते. माझ्याशेजारी बसून तिने झाकण उचलले.

"ही उसवणी अजून आहे? अगंबाई, अभ्रा अर्धाच राहिलाय. शिव बघू."

लेक बसली. दोरा तिनेच ओवलेला होता. तिने सावकाश दांडा फिरवला, शिवण काठापर्यंत नेली आणि दोरा तोडला. मग ते टोक बोटांत धरून ती तशीच बसून राहिली.

"गाठ मार की," मावशी म्हणाली. "उसवेल ना."

"मावशी," लेक म्हणाली, "शाळेत दोरा मी ओढला होता. तू काही सांगितलं नव्हतंस. मी ओढला होता."