मिशीनचं कुंकू

"आ."

आचलने चिंचोका गालाशी धरून ठेवला होता. समोर स्टीलची वाटी. आवाज कानावर आला की चिंचोका वाटीत टाकायचा, एवढाच खेळ. तिला ओठ दिसू नयेत म्हणून प्रेरणा मॅडम तिच्या पाठीमागे बसली होती.

"आ," ती पुन्हा म्हणाली. मग "ई". मग "ऊ". मग जरा जोर देऊन "म", "श", "स".

चिंचोका गालाशीच राहिला. आचल मान न हलवता, अगदी शहाण्यासारखी बसली होती. खेळ अजून सुरूच झालेला नाही, असं तिला वाटत असावं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी हीच पोरगी उंबऱ्यावरून म्हटलेल्या "श"लासुद्धा चिंचोका टाकत होती आणि वर टाळ्या पिटत होती! सेल संपला असेल, दुसरं काय, असं स्वतःला समजावत प्रेरणाने पर्समधला नवा सेल काढला. आचलच्या कानामागचं ऐकायचं यंत्र उतरवलं, सेल बदलला, यंत्र मुठीत घट्ट धरलं. चालू असलं की ते मुठीत बारीक शिट्टी घालतं. शिट्टी आली नाही. तिने पुन्हा धरलं. नाहीच. मग ती खिडकीशी गेली आणि उजेडात नीट पाहू लागली.

आवाज आत जायला यंत्राच्या माथ्यावर सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं असतात. दोन्ही छिद्रं लाल रंगाने गच्च भरली होती. सेलच्या कप्प्यातही लाल, चिकट काहीतरी वाळून बसलं होतं. तिने वास घेतला. कुंकू होतं.

आता बोला! अठरा वर्षांच्या नोकरीत प्रेरणाने काय काय पाहिलं नव्हतं? कुत्र्याने चावलेलं यंत्र पाहिलं, धाकट्या भावाने विहिरीत टाकलेलं पाहिलं. पण कुंकू लावलेलं यंत्र तिच्याही पाहण्यात नव्हतं.

नोकरी म्हणायची म्हणून म्हणायची. ती होती फिरती विशेष शिक्षिका, तीही करारावर. देवरीहून स्कुटी काढायची आणि चिचगडकडची गावं धरायची. आज ही शाळा, उद्या ती. कुठे ऐकू न येणारं मूल, कुठे न दिसणारं, कुठे चालता न येणारं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुमची शाळा कोणती?" तर तिला सांगता यायचं नाही. एकाही शाळेत तिची स्वतःची खुर्ची नव्हती. पण पळसटोल्याच्या या दोन खोल्यांच्या शाळेत शिरताना तिचं पाऊल जरा हलकं पडायचं, ते आचलमुळे. गेल्या दिवाळीनंतरच्या शिबिरात हिला यंत्र मिळालं होतं आणि पोरगी बोलू लागली होती. मोजकेच शब्द, तेही अर्धेमुर्धे. "पानी", "दे", "नाई". "नाई" तर फारच ठसक्यात.

आचलला सातवं वर्ष लागलं होतं. या वयात ऐकलं तर ऐकलं. उशीर झाला की मग कितीही भारी यंत्र लावा, आवाज कानात जातो पण त्याचं बोलणं होत नाही. प्रेरणाला रात्रंदिवस घोर असायचा तो याचाच.

शाळेचे हेडमास्तर ओमेश्वर टेंभरे गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "काय झालं मॅडम?"

तिने यंत्र पुढे केलं. गुरुजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "च्यामारी! दसरा!"

आचलच्या बापाचं, मनीरामचं घर शाळेच्या मागेच होतं. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता, तरी नवराबायको अजून अंगणातच होती. मनीराम विळ्याला धार लावत होता. प्रेरणाला पाहून आचलच्या आईने, कुंताने खाट पुढे ओढली. "या जी, बसा जी म्याडम. च्या मांडून राहिली मी."

"चहा नको. कुंता, मशीनला काय केलं?"

"काय केलं जी?" कुंता हसली. "पूजा केली."

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. उलट मॅडमला सांगायची ती वाटच बघत होती. ओसरीच्या कोपऱ्यात दसऱ्याचा पाट अजून तसाच होता. त्यावर वाळलेली आपट्याची पानं, तांदळाचे दाणे.

"दसऱ्याले नांगर पुजला, इळे पुजले, कुऱ्हाड पुजली, रोवन्याच्या टायमाले लावतो थो मोटरपंप पुजला," मनीराम कुंताकडे बोट दाखवत म्हणाला. "मंग हे म्हने, आपल्या घरी सब्बात मोठी मिशीन तं पोरीची हाये. तिलेच कशी सोडाची?"

"अरे, पण मी सांगितलं होतं ना, पाणी लागू द्यायचं नाही म्हणून!"

"पानी कायले लावू जी?" कुंता दुखावली. "बाकीचे औजारं धुतले आमी, मिशीन नाई धुतली. कोरड्या फडक्यानं पुसली. नुसतं कुकू लावलं. आता औजाराले कुकू लावाचं तं तोंडालेच लावतेत. हिचं तोंड कोनतं, हेच समजे ना. मंग इच्या बापानं चष्मा लावून पाह्यलं, थे बारीक छेदं दिसले. म्हने, आवाज इथूनच आंदर जाते, मंग हेच तोंड."

"आणि नारळ?" प्रेरणाने विचारलं.

"नारळ तं फोडाच लागते नं जी. त्याचं पानी सब्बाईवर शिपडलं."

प्रेरणा खाटेवर बसली. शाळेतून निघताना तिच्या तोंडात भरपूर शिव्या होत्या, निदान आरडाओरडा तरी करायचा म्हणून ती आली होती. पण कुणावर करायचा? वर्षभर या बाईने ते यंत्र रोज रात्री डबीत ठेवलं होतं. डबी शिंक्यात, उंदीर जाऊ नये तिथे. आंघोळीआधी काढा म्हटलं की काढलं, झोपताना काढा म्हटलं की काढलं. सांगितलेलं एकही चुकवलं नाही. पण दसऱ्याचं कोण सांगणार? प्रशिक्षणात प्रेरणाला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"बिघडली का जी?" मनीरामने विळा खाली ठेवला.

"बघते," प्रेरणा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, म्हणून ती लगेच उठली.

पुढच्या दिवसांत तिने काय केलं नाही ते विचारा. टाचणीने छिद्रं कोरली. स्पिरिटचा बोळा फिरवला. शिबिरात यंत्र बसवून देणाऱ्या माणसाचा नंबर शोधला, तर तो माणूस काम सोडून गावी गेलेला. गोंदियातल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने भिंग लावलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, इसमें कुछ बचा नहीं. पूरा सड़ गया अंदर से." कार्यालयातल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहासुद्धा पाजला. एकदा दिलेल्या मुलाला इतक्यात दुसऱ्यांदा यंत्र देता येत नाही, म्हणाले. पुढचं शिबीर कधी होईल, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. "तोवर गोंदियाच्या मूकबधिर निवासी शाळेत टाका ना तिला. चांगली सोय आहे," ते म्हणाले. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हाती जेवढं होतं तेवढं त्यांनी सांगितलं.

विकत घ्यावं, तर मनीरामला बैलजोडी विकायला काढावी लागली असती. दुरुस्त झालं नाही तर तो त्यालाही तयार होता. प्रेरणानेच त्याला हात जोडले. नांगर ओढायला बैल नसले तर पुढच्या वर्षी घरात खायला काय असणार होतं?

शनिवारी ती मुद्दाम पळसटोल्याला गेली. शनिवारी दप्तर आणायचं नसतं. नाच, गाणी, खेळ. त्यात केंद्राचं, म्हणजे आसपासच्या शाळांचं, संमेलन तोंडावर आलेलं. आठ मुलींचा रोवणीचा नाच बसवला होता आणि ढोलकी स्वतः गुरुजी वाजवत. आचलला त्यांनीच मागून घेतलं होतं, पावसाळ्यात. "पोट्टी ताल धरते मॅडम, खरं सांगतो!" असं म्हणत ते प्रेरणाला शोधत फाटकापर्यंत धावत आले होते.

ढोलकी वाजली. मुली वाकल्या, हातातली काल्पनिक रोपं चिखलात खोवली, एक पाऊल मागे आल्या. आचल शेजारच्या चंचलकडे बघून वाकली. चंचल उठली, मग ही उठली. चंचल वळली, मग ही वळली. तोवर सगळी ओळ पुढे सरकली होती. चंचलचं कोपर हिच्या कपाळाला लागलं. गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. बंद यंत्र कानाला होतं. कधीतरी सुरू होईल या आशेने कुंता रोज सकाळी ते पुसून लावून पाठवत होती.

तिसऱ्या वेळेला चंचल रडकुंडीला आली. "गुरुजी, इच्यामुळं आमचा नंबर नाई येनार! हे उलटीच फिरून राहिली!"

"चूप बस वो!" गुरुजी खेकसले. मग ढोलकी बाजूला ठेवून प्रेरणापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं करतो. ठेव म्हनाल तं ठेवतो. पन पोरी दोन महिने झाले घाम गाळून राहिल्या."

प्रत्येक प्रशिक्षणात प्रेरणा तावातावाने बोलायची, सगळ्या मुलांना सोबत घ्या, कुणाला बाजूला बसवू नका. ते सगळं तिला आत्ता पाठ होतं. तिने त्या सात मुलींकडे पाहिलं, आचलकडे पाहिलं. मग ती उगाच पर्स आवरू लागली. गुरुजी काय ते समजले. मग मान खाली घालून परत गेले आणि आचलच्या जागी खुशी नावाच्या पहिलीतल्या मुलीला उभं केलं.

आचल भिंतीशी येऊन उभी राहिली. रडली नाही. नाच बघत राहिली. थोड्या वेळाने तिने स्वतःच कानामागचं यंत्र काढलं, गोंदियाहून आल्यापासून प्रेरणाच्या पर्समध्येच राहिलेली डबी काढली, यंत्र आत ठेवलं, झाकण लावलं आणि डबी प्रेरणाच्या हातात दिली.

पोराला काय कळत नसतं, असं म्हणणाऱ्यांनी तिथे असायला हवं होतं.

शाळा सुटल्यावर प्रेरणा डबी घेऊन शेताकडे निघाली. कुंता एकटीच कापत होती. मनीराम भारे बांधायला दोर आणायला गेला होता. मॅडमला बांधावर पाहून कुंताने कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"दुरुस झाली का जी मिशीन?"

"नाही कुंता. होणार नाही आता."

कुंताने ऐकलं. विळा हातात तसाच.

प्रेरणाने मग सगळं सांगितलं. गोंदियाची शाळा सांगितली. तिथे मुलींसाठी वेगळी खोली आहे, बाई आहेत, हातांनी बोलायला शिकवतात, दिवाळीनंतर नाव घालता येईल. बोलता बोलता तिलाच आपला आवाज परका वाटू लागला.

"इतली लहान हाये जी थे," कुंता म्हणाली. "रातच्याले उठते, भेव लागते तिले. तिथं कोनाले उठवल? तिले तं हाकच मारता येत नाई."

प्रेरणाने डबी या हातातून त्या हातात घेतली.

"आमच्याच हातानं झालं नं," कुंता म्हणाली. डोळे कोरडे होते, आवाज तेवढा फाटला होता. "कोनी दुसऱ्यानं केलं असतं तं त्याले शिव्या देल्या असत्या. देवाचं केलं तं असं झालं. आता माफी कोनाले मागू जी म्याडम? मिशीनले मागू, का पोरीले? पोरीले मागतो म्हनलं, तं तिले आयकूच येत नाई."

प्रेरणाने डबी पुढे केली. कुंताने ती घेतली, पदराच्या टोकात गाठ मारून बांधली आणि पाठ फिरवून पुन्हा वाकली. धान उभा होता, कापायला तर हवाच होता. विळा चालू लागला.

प्रेरणा परत जायला वळली, तेव्हा तिला आचल दिसली. शाळेतून पाठोपाठ आली असावी. बांधाच्या टोकावर उभी होती. डोळ्यांवर उन्हासाठी धरलेला हात, केसांत वाऱ्याने उडालेल्या काड्या. ती आईच्या पाठीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रेरणाने नीट पाहिलं. ओठ उघडत होते, पसरत होते, पुन्हा उघडत होते. आ. ई. आ. ई. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. पण आवाज नव्हता. आपला आवाज निघतो की नाही, हे आता तिला कळत नव्हतं.

कुंता कापत पुढे पुढे चालली होती. तिने मागे पाहिलं नाही. ती का पाहील?

आचलने पाय आपटला. पुन्हा ओठ हलवले.

प्रेरणाने दोन्ही हात तोंडाशी नेले. प्रशिक्षणातली भाषा, शाळेतली भाषा, सगळं राहिलं बाजूला.

"वो कुंता!" ती जीव खाऊन ओरडली. "मांगं पाह्य वो! तुई पोरगी तुले हाक मारून राहिली!"

कुंता झटकन वळली. हातातला विळा खाली पडला.

"ओ माय! ओ!" म्हणत ती कापलेल्या धानावरून धावत सुटली.