विहीणबाईंची भाषा
आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट नकाशावर बघितल्याशिवाय पटत नाही. बँकेतून रिटायर झाले, पण सवय काही सुटली नाही. नातीने, जाईने, तिच्या आईकडच्या आजीशी कोणत्या भाषेत बोलावं, हेही त्यांनीच ठरवलं.

आमची सून मारिसेल फिलिपिन्सची, पार उत्तरेची, लावागजवळच्या खेड्यातली. घरची भाषा इलोकानो. जाईला तीच शिकवायची, असं तिच्या मनात होतं. ह्यांनी टेबलावर नकाशा पसरला.

"तागालोग मूळची मनिलाकडची, पण आता शाळेत, टीव्हीवर सगळीकडे तीच. इथे रविवारी ऑर्चर्ड रोडला फिलिपिनो बायका जमतात, तिथे जा, तीच जास्त कानावर पडते. इलोकानो ह्या वरच्या टोकाला. नाहीतर हवाईत. हवाईला आपलं कोण बसलंय?"

"टोकाला माझी आई आहे," मारिसेल म्हणाली. पण मग तीच पुढे म्हणाली, "तिला तागालोग येते म्हणा." विषय मिटला. आमचे चिरंजीव निहार फोनमध्ये डोकं घालून बसले होते, ते तसेच राहिले.

जाई दर शनिवारी क्वीन्सटाउनला तागालोगच्या क्लासला जाऊ लागली. लोलाशी, म्हणजे त्या आजीशी, मधे कुणी न घेता बोलायचं, एवढंच पोरीला हवं होतं. आणि यंदा विहीणबाईंना मेंदूचा झटका आला. हळूहळू माणसं विसरल्या, मग इंग्रजी, मग तागालोग. उरली ती लहानपणची इलोकानो. तरी नातीचा आवाज ओळखतील, अशी मारिसेलला आशा होती.

काल, रविवारी, व्हिडिओ कॉल लावला. जाई घडाघडा बोलली. शाळा, ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर चालवलेली सायकल, तुम्ही इकडे कधी येणार. विहीणबाई मन लावून ऐकत होत्या, हसत होत्या. मग मारिसेलकडे बघून बरंच काही बोलल्या.

"व्हॉट डिड शी से?" जाईने विचारलं.

"शी सेड यू स्पीक सो वेल," मारिसेल म्हणाली.

"टोल्ड यू लाह, आजोबा!" जाईने इथल्या पोरांच्या लकबीत म्हणत टाळी मागितली. ह्यांनी दिली. चेहरा असा, की नकाशाच खरा ठरला.

मारिसेल उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती नळ सोडून नुसती उभी होती.

"खरं काय म्हणाल्या गं?"

"म्हणाली, ही मनिलाची मुलगी गोड आहे, तिला काहीतरी खायला दे. मग विचारलं, माझी नात कधी बोलणार?"

मला ह्यांचा असा संताप आला, की बाहेर जाऊन चार शब्द सुनावावेत असं झालं. पण सुनावून कुणाचं काय परत येणार होतं? फार वाईट वाटलं.

"तिला इलोकानोतली दोन वाक्यं तरी शिकव," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."

"शिकवीन. पण आई, मग आज काय झालं ते तिला सांगावं लागेल."

मी नळ बंद केला. आम्ही बाहेर आलो, तर जाई वही उघडून पुढच्या रविवारसाठी तागालोगमधली नवी वाक्यं पाठ करत बसली होती.